न फुटलेलं नाक

चाचणीत आमचं नाक फुटलंच नाही. लॅबमधल्या लोखंडी गाड्याला पुढे बसवून ते भिंतीवर आदळलं, धाडकन आवाज झाला आणि टोकाला जेमतेम एक चीर गेली. सानिका टाळ्या वाजवायला निघाली होती. हे नाक ज्या रेसिंग कारला लागणार होतं, ती तीच चालवणार होती. ही चाचणी पास झाल्याशिवाय तिला तिच्या पहिल्या शर्यतीत उतरता येणार नव्हतं.

"काय मजबूत झालंय सर!"

"नापास झालंय," मी म्हणालो.

रेसिंग कारचं नाक म्हणजे पुढचा निमुळता भाग. तो वारा कापतो, हे सगळ्यांना दिसतं. पण नियमांच्या लेखी त्याचं पहिलं काम म्हणजे धडकेत टोकापासून हळूहळू चुरा होणं. ते झालं नाही, तर सगळा धक्का ड्रायव्हरच्या पायांना आणि मणक्याला बसतो.

पनवेलला माझं फायबरचं वर्कशॉप आहे. तिथे नाकाचा एक तुकडा कापून कार्बन कापडाचे थर मोजले. ड्रॉइंगमध्ये चार, टोकाला निघाले सात. थर लावणारे दामूदादा उरणचे, उभं आयुष्य मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बांधलेले.

"दादा, तीन थर जास्त कसे?"

"होडीचं तोंड आमी कदी पातळ ठेवत नाय. लाट पयली तिथंच लागते. आन् तुमीच बोललात ना, पोरीच्या पायांना जपा?"

माझा राग तिथेच ओसरला. जपा म्हणालो होतो. कसं, ते सांगितलं नव्हतं. लॅबला नेण्याआधी नाक नुसतं वजनकाट्यावर ठेवलं असतं, तरी कळलं असतं. तेही मी केलं नव्हतं.

"दुसरं करायचंच आहे, तर टोक धारदार आणि जरा उंच करूया?" सानिकाने विचारलं. "खालून हवा जास्त जाईल."

तिचं चूक नव्हतं. गाडीखालून हवा वेगात गेली की गाडी ट्रॅकला धरून राहते.

"धारदार टोक दुसऱ्या गाडीत घुसतं. उंच टोक दुसऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत पोचतं. म्हणून नियमात नाक बोथट आणि खाली."

"म्हणजे स्पीड गेला."

"थोडा."

ती फुरंगटली, पण मान्य केलं.

दुसऱ्या नाकाच्या वेळी चौथा थर झाला आणि दादांचा हात सवयीने पुन्हा कापडाकडे गेला. "बास, दादा." त्यांनी हात मागे घेतला, पण जिवावर आल्यासारखा. चाचणीला मी त्यांना सोबत नेलं. नाक टोकापासून पापडासारखं चुरत गेलं, मागचा सांगाडा शाबूत राहिला, आकडे मर्यादेत बसले. मग दादांनी अगदी तसंच, चारच थरांचं तिसरं नाक बांधलं आणि ते सानिकाच्या गाडीला लागलं.

पहिल्याच शर्यतीत सानिका टायरच्या भिंतीवर आदळली. ट्रॅकवरून फोन आला. बोलत होती तीच. नाकाचा भुगा झाला होता आणि ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली होती.

आता प्रत्येक नाक आधी काट्यावर चढतं, आणि काम सांगताना मी कारणही सांगतो. ते पहिलं नाक वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलंय. नवा ग्राहक हमखास त्यावर टिचकी मारून म्हणतो, "काय मजबूत काम आहे!"

"नापास हाय ते," दादा मान वर न करता सांगतात. "पास झालेलं ऱ्हायलं नाय. पोरगी ऱ्हायली."