आजोबांची बंदूक आणि बांबूचं धनुष्य

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दोन ओळी लिहायचं धाडस केलं, तर रागावू नका. दसऱ्याला माजघरातल्या आजोबांच्या बंदुकीला कुंकू लावताना आई तोंड फिरवते, हे यंदा दिसलं.

शेजारच्या भिकूमामांना रानडुकरं हाकायला बंदूक हवी होती. बदल्यात ते आपलं शिकारीचं धनुष्य देणार होते. ते ओढून पाहिलं, तर सगळा ताण माझ्याच खांद्यात उतरला. कुणावर काही रोखायचं, तर त्याचा भार आधी आपल्याला जाणवावा, असं वाटलं.

"बंदूकवाल्यांचं घर आपलं! आता काठीला दोरी बांधून मिरवणार?" काका हसले.

"मिरवीन," मी म्हणालो आणि बंदूक मामांच्या नावावर करायच्या सरकारी परवानगीसाठी अर्ज केला.

काल हॉस्टेलवर आईचा फोन आला. "परवानगी मिळाली रे. मामा बंदूक घेऊन गेले. लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा माजघरात निवांत झोपले."