बाल्कनीतला ग्लास

रेणुकाचं उत्तर प्रोजेक्टरनं भिंतीवर पडलं आणि खोलीत हशा पिकला. आठवीतल्या मुलीचं वाकडंतिकडं अक्षर, भिंतभर मोठं झालेलं. आमच्या विभागप्रमुख, एचओडी मॅडमनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. चुका आल्या की थांबायच्या, भुवया उडवायच्या, मग पुढे. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "ही तुमच्याच वर्गातली ना? तरीच."

तरीच. बाकी कुणाला तो शब्द कळला नाही. त्या टेबलाभोवती कन्नड होते, मल्याळी होते, एक तमिळ बाई होत्या. मराठी आम्ही दोघीच.

शाळा बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधली. नाव सांगत नाही, सांगून काही फरक पडणार नाही. मी तिथे आठवीला इंग्रजी शिकवते. के. आर. पुरमला राहते. सकाळी बसमध्ये उभ्यानं डोळा लागतो, इतकी सवय झालीय. परीक्षेनंतर आमच्याकडे इंग्रजीच्या सगळ्या शिक्षकांची बैठक असते. काही मुलांची उत्तरं भिंतीवर पाडायची, उत्तरसूचीशी जुळवायची, कशाला किती गुण ते ठरवायचं. सगळ्या वर्गांत तपासणी एकसारखी व्हावी म्हणून. मुलाचं नाव झाकायचं, असा नियम आहे. रेणुकाचं नाव झाकलं नव्हतं.

मी इंग्रजी शिकवते म्हणजे काय करते, तेही सांगते. परीक्षा शिकवते. उतारा आला की आधी उतारा वाचायचा नाही, आधी प्रश्न वाचायचे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या मागचं-पुढचं वाक्य उचलायचं, उत्तर तयार. 'लाइक' दिसला की सिमिली, म्हणजे उपमा. फार वाढवून सांगितलं असेल तर हायपरबोली. लेखकाचा टोन विचारला तर वर्गात तक्ता लावलेला आहे. त्यात टोनचे शब्द दिलेत: ह्यूमरस, सॅड, होपफुल, नॉस्टॅल्जिक वगैरे. त्यातलाच एक उचलायचा, बाहेर जायचं नाही. पालक या पद्धतीवर खूश असतात. मुलं उतारा न वाचता पैकीच्या पैकी गुण आणतात. मीही वर्षानुवर्षं हेच घोकून घेते. घसा बसतो, आल्याचा तुकडा तोंडात धरते, पुन्हा घोकून घेते.

या वेळचा उतारा एचओडी मॅडमनी स्वतः लिहिला होता. त्या मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे इकडे आल्या. लिहिण्याची हौस आहे. उतारा त्यांच्या फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या बाईवर होता. लक्ष्मी. लक्ष्मी पहिल्या दिवशी लिफ्टला नमस्कार करते. वॉशिंग मशीन घरघरायला लागल्यावर पळून जिन्यात उभी राहते. झाडू मारणाऱ्या यंत्राला हळदकुंकू वाहते. आणि मग ते वाक्य: लक्ष्मी आपला स्टीलचा ग्लास बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे, राणीनं मुकुट जपावा तसा जपून ठेवते.

प्रश्न पहिला, अधोरेखित वाक्यातला अलंकार ओळखा. सिमिली. हे माझ्या वर्गात सगळ्यांना आलं. मलाही पेपर हातात पडला तेव्हा तेवढंच दिसलं होतं. सिमिली आहे, सोपी आहे, मुलांना येईल.

पुढचा प्रश्न, उताऱ्याचा टोन कोणता, दोन वाक्यांत कारण द्या. गुण दोन. उत्तरसूचीत होतं, ह्यूमरस. रेणुकानं मोडक्या इंग्रजीत जे लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा होता:

"या उताऱ्याचा टोन इन्सल्टिंग आहे. घरात इतकी जागा आहे तरी लक्ष्मीचा ग्लास बाल्कनीत आहे. लिहिणारी बाई हसते. लक्ष्मी हसत नाही."

याच उत्तरावर खोली हसत होती.

रेणुकाची आई शाळेमागच्या टॉवरमध्ये घरकाम करते. माणसं उत्तर कर्नाटकातली, यादगीरकडची. लक्ष्मी म्हणजे तिची आई नव्हे. पण परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलांत उतारा खरोखर वाचला तो हिनं एकटीनं. मी शिकवलेली युक्ती तिनं वापरली नाही. प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी उतारा वाचला, माणूस एखादी गोष्ट वाचतो तसा. मी भिंतीवरचं उत्तर परत वाचलं. ग्लास. बाल्कनीत. कुंड्यांच्या मागे. तो तिथे कोण ठेवतं, आणि का, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नव्हतं.

मला ते माहीत होतं.

या शाळेत लागले तेव्हा एचओडी मॅडमना मी मराठी आहे कळल्यावर केवढा आनंद झाला होता. "अय्या, किती बरं वाटलं, इथे बोलायलाच कुणी नाही हो." मग आडनाव विचारलं. मग गाव. निपाणी म्हटल्यावर, निपाणीत नेमकं कुठे. मी सांगितलं. त्यानंतर जरा वेळानं म्हणाल्या, "पण तुमचं मराठी छान आहे हं." तो 'पण' मी तेव्हा सोडून दिला. दिवाळीत त्यांनी सगळ्या विभागाला घरी फराळाला बोलावलं. चहा आला. सगळ्यांना चिनी मातीचे कप, मला कागदी. कप कमी पडले असतील, असं मी मनाला सांगितलं. परत येताना बसमध्येही तेच सांगत राहिले. काचेच्या कपाटात कप रांगेनं लावलेले मी बघितले होते, तरी.

दमलेल्या माणसाला असं स्वतःला समजावणं सोपं जातं. भांडायला अंगात ताकद लागते. घरी जाऊन भात लावायचा असतो, सकाळी परत बस पकडायची असते.

आणि हा टोन मला काही बेंगळुरूत पहिल्यांदा भेटला नव्हता. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळण मारायची. दिवसभर नाका-तोंडात बुकणी. घर म्हणजे एक खोली, तिथेच तिचं लुगडं वाळायचं, तिथेच माझा शाळेचा गणवेश. इंग्रजीच्या तासाला मी वाचायला उभी राहिले की बाई म्हणायच्या, "खिडकी उघडा गं कुणीतरी. ही उभी राहिली की वखारच येते वर्गात." वर्ग खो खो हसायचा. मला धडा तोंडपाठ असायचा, पण हशा थांबेपर्यंत माझी पाळी संपलेली असायची. बाईंचा सगळ्या शाळेत लौकिक होता, फार विनोदी आहेत म्हणून. मला त्यांचा राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची. सगळे हसताहेत, मग मलाच का हसू येत नाही? माझ्यातच काहीतरी कमी असणार. कितीतरी वर्षं मी हेच धरून चालले. मी पुढे इंग्रजीत एमए केलं. टोनवर पानंच्या पानं लिहिली. त्या खिडकीच्या टोनला काय म्हणतात ते मात्र कधी लिहिलं नाही.

ते एका आठवीतल्या मुलीनं लिहिलं. आणि ते भिंतीवर पाडून माझ्यासमोर हसत होते.

मॅडमनी निकाल दिला. उत्तरसूचीत ह्यूमरस आहे. इन्सल्टिंग हा शब्द तक्त्यातच नाही. शून्य. पुढचं उत्तर लावा.

शून्याचा अर्थ मला माहीत होता. रेणुका आरटीईच्या जागेवर शिकते, कायद्यानं मिळालेल्या, बिनफीच्या. ती सवलत आठवीपर्यंतच. नववीपासून फी. शाळा दरवर्षी मोजक्या मुलांची फी माफ करते, पण त्यासाठी इंग्रजीत ठरलेल्या गुणांच्या वर असावं लागतं. रेणुका काठावर होती. हे दोन गुण मिळाले तर आत, नाही तर शाळा सुटली. आणि माझी नोकरी वर्षाच्या कराराची. माझा अहवाल एचओडी मॅडम लिहितात. हेही मला माहीत होतं.

मी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तो ग्लास बाल्कनीत का असतो?"

आवाज चढवला नव्हता. चढवण्याइतका घसाच उरला नव्हता. मल्याळी सहकाऱ्यानं लॅपटॉपमध्ये मान घातली. मॅडम हसल्या. माझ्या हातावर हात ठेवला आणि मराठीत, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, विनोदी उतारा आहे तो. तुम्हा लोकांना ना, सगळीकडे तेच दिसतं. सोडा आता, आपण नंतर बोलू."

बघणाऱ्याला वाटावं, मोठी बहीण समजूत घालतेय. मॅडमना हे छान जमतं. चांगलं बोलायचं ते सगळ्यांसमोर इंग्रजीत, आणि टोचायचं ते मराठीत. मराठी म्हणजे आमच्या दोघींमधली बंद खोली. त्या खोलीत मी आजवर पुष्कळ काही गिळलं होतं. माझ्या बोलण्यातला कानडी हेल, माझा डबा, माझं आडनाव. बाहेर येऊन प्रत्येक वेळी हसून दाखवलं होतं.

शेजारी बसलेल्या कन्नड सरांनी नेहमीसारखं विचारलं, "एन् हेळिदरु?" काय म्हणाल्या? आमचं मराठी ऐकलं की ते नेहमी गमतीनं विचारतात. आणि मी नेहमी सांगते, काही नाही सर.

या वेळी मी सांगितलं. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शब्दाला शब्द. मॅडम म्हणताहेत की हा विनोदी उतारा आहे. मॅडम म्हणताहेत की आम्हा लोकांना सगळीकडे तेच दिसतं. आम्ही लोक म्हणजे कोण आणि ते म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही. ते मॅडमच सांगतील.

मॅडमनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला. तमिळ बाईंनी भिंतीकडे बघितलं, उत्तर अजून तिथेच होतं, आणि बहुतेक त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. "यू आर टेकिंग इट पर्सनली," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "घेतेय."

जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. डोळ्यांसमोर घरभाडं नाचत होतं. कन्नड सरांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, तेवढंच.

पेपर माझ्या वर्गाचा, तपासणी माझी. मी रेणुकाच्या उत्तराला दोनपैकी दोन दिले आणि बाजूला सही केली. पेपर मॅडमकडे फेरतपासणीला गेला. परत आला तेव्हा माझे दोन हिरव्या पेननं खोडलेले होते. शेजारी शून्य, त्यांची सही.

मग प्राचार्यांनी बोलावलं. माझं बोलणं विभागाच्या एकोप्याला धरून नव्हतं म्हणाले. करार संपत आलाय याचीही आठवण करून दिली, अगदी प्रेमानं. मी म्हटलं, उतारा वाचलात का, सर? ते म्हणाले, वेळ झाला नाही.

पेपर मुलांना दाखवायचा असतो. रेणुकानं तो बाकावर उघडला, बराच वेळ बघितला आणि घेऊन माझ्या टेबलाशी आली. एकाच उत्तरावर दोन आकडे, दोन सह्या. तिचा आवाज जेमतेम निघाला. "मिस, यावुदु सरी?"

यातलं बरोबर कुठलं. असा सरळ प्रश्न मला त्या शाळेत आजवर कुणी विचारला नव्हता.

"निन्नदे सरी," मी म्हटलं. तुझंच बरोबर. मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हटलं. मग मार्कर घेतला आणि तक्त्यात शेवटच्या शब्दाखाली इन्सल्टिंग लिहिलं. मुलांना सांगितलं की आजपासून या वर्गात आधी उतारा वाचायचा. पूर्ण वाचायचा. लिहिणारा कुठे उभा आहे ते बघायचं, आणि हसतंय कोण, कुणाला, तेही. मग प्रश्न. दोन-तीन मुलांनी लगेच विचारलं, मिस, पण परीक्षेत वेळ पुरेल का? पुरणार नाही म्हटलं. तरी वाचायचा.

तक्ता दुसऱ्या दिवशी नवीन लागला, छापील, माझा शब्द नसलेला. मी परत लिहिला. आता तो रोज निघतो आणि मी रोज लिहिते.

मी दमलेली आहे. हे लिहितानाही दमलेली आहे. जूनमध्ये मला वर्ग असेल की नाही ठाऊक नाही, आणि रेणुकाला नववी मिळेल याचीही काही खात्री नाही. फीमाफीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मला बोलावलेलं नाही. रेणुकाच्या आईलाही नाही. आम्ही दोघी जाणार आहोत. रेणुकाची आई त्या दिवशी कामावर खाडा करणार आहे. बैठकीत आम्ही उभ्या राहणार नाही, टेबलाशी खुर्च्या ओढून बसणार. उतारा मी सोबत नेणार, मोठ्यानं वाचणार, सगळा. आणि मग प्राचार्यांपासून सुरुवात करून एकेकाला विचारणार, तो ग्लास बाल्कनीत का असतो. कुणी सिमिली म्हणालं तर परत विचारणार. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही त्या खुर्च्यांवरून उठणार नाही.