मामांनी वाजवलेला, गाण्यात नसलेला तुकडा

मी बी.एस्सी.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अंगात येणं, चकवा लागणं असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं... पण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

माझे मामा साकोली तालुक्यात एकोडीला राहतात. धानाची शेती, आणि वीसेक वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवलेला. मामी गेल्या आणि त्यांनी ऑर्गनवर चादर टाकली. नाटक मंडळीचे फोन घेईनात. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरतात आणि नाटकं सुरू होतात. त्याआधी होकार दिला नाही तर मंडळी दुसरा वादक घेणार होती. मी ठरवलं – मामांना पुन्हा ऑर्गनवर बसवायचंच.

मला एका परदेशी प्रोग्रेसिव्ह रॉक संगीतकाराचं वेड आहे. माणूस एकच, पण एका अल्बममध्ये नुसता पियानो, दुसऱ्यात कर्कश गिटार, तिसऱ्यात वीस मिनिटांचं एकच गाणं. मामांना हे कळेल असं वाटलं. माझी चूक एवढीच की सुरुवात गिटारपासून केली.

"बाबू, धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फसला का रे?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पियानो ऐकवला.

"हा तोच होय?"

"तोच, मामा."

"मंग काल कोनावर रागावला होता?"

जूनमधल्या एका दुपारी ते लांब गाणं लावलं. "हे तं आपलं नाटकच होय," मामा म्हणाले. "रडवते, हासवते, मारामारी करते." मध्ये काही सेकंद गाणं अगदी शांत होतं. तिथे ते ताठ बसले. आमच्याकडे पात्र विंगेतून येईपर्यंत ऑर्गनवाला सूर भरत राहतो.

"थांबव. इथं कोनीतरी येऊन राहिलं. यानं सूर काहून नाही देला?"

मी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. मामांनी चादर काढली आणि त्या शांततेत एक धून वाजवली. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली. लगेच त्यांनी चादर परत टाकली. "झालं. आता मले वाजवा मनू नको."

चार महिन्यांनी त्या संगीतकाराने त्याच गाण्याचं जुनं, कच्चं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच बाहेर काढलं. त्यात त्या जागी शांतता नव्हती. ऑर्गन होता. मामांचीच धून. दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक लावून पाहिली... एक स्वरही इकडचा तिकडे नाही.

एकोडीला जाऊन मामांना ते ऐकवलं. "तुमी हे आधी कुठं ऐकलं होतं?"

"तू आयकवलं तेवढंच." "मी बनवलं नाही, बाबू. मले तिथं आयकू येऊन राहिलं होतं. मी बोटं ठेवली फक्त."

मग हळूच म्हणाले, "तुही मामी असती तं मनली असती – आयकू येते, तं वाजवत काहून नाही?" आणि माझाच मोबाइल घेऊन त्यांनी मंडळीला फोन लावला.

हा योगायोग आहे म्हणणाऱ्या एका मित्राला मी दोन्ही फायली पाठवल्या. तो अजून त्या एकावर एक लावून पाहतोय. मामा मात्र यंदाच्या मंडईत ऑर्गनवर होते... एवढं मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं.