इथे कुणी इन्सुलिन घेतं का?

डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन लिहून दिलं आणि वर म्हणाले, "आपल्यासारख्या चार लोकांत मिसळा, धीर येतो." पेन फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी पडून राहिलं. दवाखान्यातल्या सिस्टरने स्पंजवर टोचून दाखवलं होतं, पण स्पंजला काय दुखणार? मला एवढंच हवं होतं, की रोज स्वतःच्या पोटात सुई घालणारं एखादं हाडामासाचं माणूस भेटावं आणि त्याने सांगावं, जमतं. तोवर साखर चढतच होती आणि पायाची बोटं बधिर व्हायला लागली होती.

म्हणून गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये मधुमेहींच्या गटाच्या बैठकीला गेले. दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यांचीही ओळख करून देण्यात आली. मी प्रश्नासाठी हात वर केला, तेव्हा वेळेअभावी आभार सुरू झाले. आणि दाराशी चक्क पेढे! "शुगर-फ्री आहेत, घ्या बिनधास्त," गट चालवणाऱ्या काकू म्हणाल्या. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. त्यांनीच माझा नंबर घेतला आणि मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं.

तो ग्रुप म्हणजे डोक्याला ताप. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी मेथीचं पाणी, संध्याकाळी जांभळाच्या बियांची पूड. ज्याची साखर उतरली तो मीटरचा फोटो टाकणार, बाकीचे टाळ्या वाजवणार. ज्याची चढली तो गप्प. शेवटी मी लिहिलं, "मला इन्सुलिन सुरू करायचंय. भीती वाटते. इथे कुणी घेतं का?"

जोडलेल्या हातांची रांग लागली. एका निवृत्त साहेबांनी कळवलं, "एकदा सुरू केलं की संपलंच." काकूंनी लिहिलं, "पथ्य पाळलं की सुईची वेळच येत नाही. सकारात्मक राहा." अरे, घेता की नाही, एवढंच विचारलं होतं ना! मी चिडून पेन लोणच्याच्या बरणीमागे सरकवलं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या मुलीचं ओझरला एका लॉन्सवर लग्न होतं. जेवणाआधी माझ्या निऱ्या सुटल्या म्हणून वधूपक्षाच्या खोलीत गेले. कडी नीट लागलेली नव्हती. आत ग्रुपवाल्या काकू. पदर दातांत धरलेला, पोटाची वळी चिमटीत, दुसऱ्या हातात माझ्याकडे आहे तसलंच पेन.

"दार लावा आधी!" त्या ओरडल्या.

मी दार लावलं आणि भडकले. "काकू, मी ग्रुपवर एवढं विचारत होते. एक हो म्हणता आलं नाही?"

"अहो, ग्रुपवर आमचे व्याही आहेत. आणि लोकांना पथ्य सांगणारी मीच. मीच सुई घेते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "या, जवळ या. बघायचंय ना?"

सुई आत गेली. त्या ओठांतल्या ओठांत आकडे मोजत थांबल्या, सुई काढली, पदर सारखा केला. "एवढंच असतं. चला, आता लगेच जेवायला हवं."

मला रडू आलं. राग काही गेला नव्हता, पण रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी टोचून घेतलं. जमलं. लगेच ग्रुपवर लिहिलं, "मी इन्सुलिन घेते. फार दुखत नाही. काही विचारायचं असेल तर विचारा." जरा वेळाने काकूंनी मेथीचं पाणी टाकलं.

आणि मग मला एकटीला मेसेज यायला लागले. ताई, सुई केवढी असते? ताई, प्रवासात कसं करता? या सगळ्यांनी माझ्या प्रश्नावर हात जोडले होते. प्रत्येकाला मी तणतणत एकच उत्तर देत होते, "ग्रुपवर विचारा ना!" ग्रुपवर कुणीही विचारलं नाही.

शेवटचा मेसेज निवृत्त साहेबांचा होता. "मॅडम, माझंही पेन कधीपासून फ्रिजमध्ये पडून आहे. घरी मी एकटाच असतो. पहिल्यांदा टोचताना कुणी समोर बसलं असतं तर बरं झालं असतं."

"ग्रुपवर विचारा ना" एवढं मी टाइप केलं होतं. ते खोडलं आणि घरचा पत्ता पाठवला.