हात फिरलेली भुई

"हितं हात फिरलाय." खड्ड्यात उकिडवं बसून मातीवर तळहात फिरवत मावशी असं म्हणायच्या, आणि आमची सगळ्यांची कामं थांबायची.

वाशी तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या पांढरीवर आमचं उत्खनन चालायचं. पांढर म्हणजे माणसं राहून राहून, चुलींची राख पडून पांढुरकी झालेली माती. तुमच्याही गावाजवळ असेल. ती तपासून तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं कुठं रांधायची, कुठं गुरं बांधायची हे शोधणं माझं काम. मावशी रोजानं माती उचलायला होत्या. पण घराची भुई लागली हे माझ्याआधी त्यांना कळायचं. मी पीएच.डी. केलेली, त्यांनी जन्मभर सारवलेलं. फरक पडणारच.

आमच्या विद्यार्थ्यांच्या छोट्या थाप्या बघून त्या म्हणायच्या, "शिरा खाल्ल्यागत उकरत्यात बगा." मी मातीच्या पुड्या बांधून नावं घालायला लागले की जवळ येऊन बसायच्या.

"ही कुटं जानार, बाई?"

"पुण्याला, मावशी."

"मातीला बी पुन्याचं तिकीट. मलाच न्हाय." आणि हसायच्या. त्यांचा मुलगा पुण्याला होता. मुलानं इथल्या घरात फरशी घातली, कुलूप-किल्ली त्यांच्या हाती दिली आणि गेला. "पुसलं की झालं. हाताला कामच न्हाय," असं त्या फरशीबद्दल सांगायच्या. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. तो दिवस त्यांना जाता जायचा नाही.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी विसरलेली वही आणायला पांढरीवर गेले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोठे सर येणार होते. त्यांना दाखवायला एका घराची अख्खी भुई आम्ही उघडून ठेवली होती, नमुने घ्यायचे बाकी होते. खड्ड्यात मावशी एकट्याच होत्या. शेजारी शेणाची बादली. निम्मी भुई सारवून झाली होती, बोटांची अर्धगोल वळणं अजून ओली होती.

"उद्या पावनं येनार म्हनलाव न्हवं तुमी?" त्या खुशीत म्हणाल्या. "उगडी भुई बरी दिसंना. लई वर्सं झाली, कुनी हातच फिरवला न्हाय तिच्यावर."

गुरं कुठं बांधली होती हे कळायला जुन्या शेणातला फॉस्फरस आम्ही मोजतो. जुन्या भुईवर ताजं शेण म्हणजे सगळ्या मोजणीवर पाणी. मी ओरडले. "अक्कल आहे का तुम्हाला? वर्षभराचं काम घालवलंत!" असं आईच्या वयाच्या बाईला म्हणाले.

त्यांनी बादली उचलली. "चुकलं बाई माजं," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या नाहीत. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. मी गेले नाही. माणसाला राग धरायला किती थोडं कारण पुरतं!

त्या भुईचा एक तुकडा मी तरीही कापून आणला होता. वहीत त्याच्यापुढं 'खराब' लिहिलं होतं. पावसाळ्यात कधीतरी तो डिंकासारख्या रसायनात घट्ट केला, उजेड आरपार जाईल इतका पातळ घासला आणि भिंगाखाली धरला. केसाएवढे थर, एकावर एक. कुण्या बाईनं सतरा वेळा ती भुई सारवली होती. वरचा अठरावा थर मावशींचा. मध्ये तीन हजार वर्षं गेली होती, आणि दोन्ही थर चिकटून बसले होते. मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही.

त्याचा मोठा फोटो काढून घेतला. उत्खननाचा पुढचा हंगाम सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच घरी गेले. काय म्हणायचं ते बसमध्ये घोकलं होतं: मावशी, हा बघा तुमचा हात.

दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. "आखाडातच गेल्या की ओ त्या. शेवटपतुर इचारायच्या, बाईंचा राग गेला असंल का?"

मी पायरीवर बसले. त्या पायरीलाही फरशीच होती. फोटो मांडीवर ठेवला आणि पायरीवरून तळहात फिरवला, त्या फिरवायच्या तसा. फरशी गुळगुळीत होती, गार होती. मावशींचा हात तिथं कुठंच लागला नाही.