डांबरगोळ्यांचं कपाट

पनवेलच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा किड्यांच्या बावीस पेट्या घरी आणून कपाटात ठेवल्या. चतुर, भुंगेरे, फुलपाखरं. बरेचसे उलव्याच्या भातखाचरांतले. आता तिथे इमारती उठल्यात, ते किडे पुन्हा मिळायचे नाहीत. मेलेल्या किड्यांना जिवंत किडे पोखरतात, म्हणून प्रत्येक पेटीत डांबरगोळ्या असायच्या.

"डोकं दुखतं हो या वासानं," बायको म्हणायची.

"खिडकी उघड," मी म्हणायचो.

मुलगी बाळंतपणाला आली, नातू झाला. बायकोने त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यातली जुनी सुती लुगडी काढली, दुपटी आणि लंगोट शिवले. त्या कप्प्यातही मूठभर गोळ्या मीच टाकल्या होत्या. तिने सगळं धुऊन उन्हात वाळवलं होतं.

बाळ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागलं. दूध ओढेना. लंगोटावर कोऱ्या चहासारखा डाग. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दुपटं सोडलं, नाकाशी नेलं आणि थांबल्या.

"घरात डांबरगोळ्या वापरता?"

"किड्यांच्या पेट्यांत," मी म्हणालो.

"कपड्यांत?"

बायको खाली बघत राहिली. मी मान डोलावली.

काही मुलांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं, जन्मतःच. अशा मुलाच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात, असं त्यांनी समजावलं. तपासणीत तेच निघालं. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. रक्त बदलावं लागेल का, ते दुसऱ्या दिवशी कळणार होतं. मला बाकावर बसवेना. जिना उतरायचो, फाटकापर्यंत जायचो, परत चढायचो.

मुलगी एकदाच बोलली. "बाबा, तुम्हीच शिकवायचात ना, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा म्हणून?"

शिकवायचो. प्रयोगशाळेत.

दुपारी घरी जाऊन कपाट उघडलं. वास येईना. मला कसलाच येईना! शेजारच्या वहिनींना बोलावलं, तर दारातच त्यांनी पदर नाकाला लावला. इतकी वर्षं मी त्यात राहत होतो आणि माझ्या नाकाला पत्ता नव्हता. एकेक पेटी उघडून गोळ्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावलं. हात तीनदा धुतले, तरी समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी पिवळेपणा उतरू लागला. रक्त बदलावं लागलं नाही. बाळबाळंतीण थेट कोन गावाला माझ्या मेव्हण्याकडे गेली, आमच्या घरी नाही.

तेव्हापासून पेट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाळीपाळीने फ्रीझरमध्ये ठेवतो. पंधरा दिवसांनी काढायच्या, गार असेपर्यंत उघडायच्या नाहीत. थंडीने पोखरणारे मरतात, पण फ्रीझरमध्ये एका वेळी एकच पेटी मावते. बाकीच्या ताटकळतात आणि मीही. रोज सकाळी भिंग घेऊन काचा तपासतो.

गेल्या महिन्यात उलव्याच्या चतुरांची पेटी बघितली. टाचण्या होत्या, चिठ्ठ्या होत्या, खाली तपकिरी भुगा. चतुर एकही धड नव्हता. मी पायात चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात गोळ्या मिळतात. जिन्यापर्यंत गेलो.

"कुठे निघालात?" बायकोने आतून विचारलं.

"कुठे नाही," म्हणालो आणि परत येऊन भिंग घेतलं, शेजारची पेटी उघडली.