दोमेंगची हाक

दोमेंगचं बाप्तिस्म्याचं नाव दोमिनादोर, म्हणजे सगळ्यांवर सत्ता गाजवणारा. नाव ठेवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पोर चर्च दणाणून सोडेल असं रडत होतं. पुढे त्या आवाजाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. शाळेत हजेरीच्या वेळी तो ‘हजर’ म्हणायचा ते फक्त बाकावरच्या शेजाऱ्याला ऐकू जायचं, आणि मग शेजारी ओरडायचा, “बाई, आहे हा! इथंच आहे!”

लग्नसुद्धा त्यानं न बोलताच जमवलं. आमच्या बाकोंग गावात जुन्या रीतीनं मुलगी मागायची तर आधी तिच्या घरी राबायचं. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, आणि अधूनमधून मुलीशी चार शब्द बोलून घ्यायचे. हल्लीची पोरं पहिलं सगळं गाळून नुसते चार शब्द बोलतात. दोमेंगनं चार शब्द गाळले. पोल्दो ताहोवाल्याच्या अंगणात त्यानं इतकी लाकडं फोडली की कोंबड्यांना फिरायला जागा उरेना. शेवटी पोल्दोच कमरेवर हात ठेवून म्हणाला, “पोरा, एकदाचं सांग. तुला लाकूड पाहिजे का रोसिंग?”

दोमेंगनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि रोसिंगकडे बोट दाखवलं. चर्चमध्ये त्याचं ‘होय’ ऐकायला फादरना कानामागे हात धरून वाकावं लागलं. रोसिंग अजून सांगते, “माझं लग्न झालं की नाही ते एकट्या फादरना ठाऊक.”

सासऱ्याच्या धंद्यात मात्र त्याचं छान जमलं. दोमेंगनं पहाटे मागच्या चुलीपाशी भिजलेलं सोयाबीन दळायचं, दूध उकळून गाळायचं, खरवसासारखा लुसलुशीत ताहो लावायचा, गुळाचा पाक करायचा, साबुदाण्याचे टपोरे मणी शिजवायचे. पोल्दोनं खांद्यावर कावड घेऊन तो गल्ल्यांतून विकायचा. पोल्दोची “ताहोऽऽ” अशी हाक आली की बाया पेले घेऊन दारात यायच्या, पोरं दात न घासता धावायची. एकाला आवाज आणि दुसऱ्याला चूल. दोमेंगला वाटलं, आता जन्म सुखात जाणार.

बाहेर पडायची वेळ आली की मात्र तो आडवाट शोधायचा. दुकानाच्या बाकावर बसलेला तेम्योंग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, “काय, कुठं निघालास?” त्याला उत्तर लागत नाही, नुसतं हसलं तरी चालतं. पण तेवढं टाळायला दोमेंग केळीच्या बागेतून चिखल तुडवत जायचा. कुणाशी दोन वाक्यं बोललाच, तर रात्री अंथरुणात तीच दोन वाक्यं उलटीसुलटी करून बघायचा.

जीपनीत, म्हणजे गावोगावची माणसं कोंबून नेणाऱ्या लांबट जीपगाडीत, तर त्याची खरी परीक्षा. आपलं ठिकाण आलं की “थांबवा!” म्हणून ओरडायचं, एवढंच काम. छतावर टकटक केली तरी भागतं, पण टकटक केली की सगळी जीपनी आपल्याकडे बघणार, असं त्याच्या मनानं घेतलेलं. म्हणून दुसरं कुणी थांबवलं की तो मुकाट त्याच्या मागून उतरायचा, आणि तिथून मागं घरापर्यंत चालत यायचा. लेक मायुमी बरोबर असली की तीही यायची, वाटेतल्या कुंपणांवरची फुलं खुडत. तिला ते फिरणं आवडायचं. दोमेंगला मात्र एकच धास्ती होती. आपलं हे पोरीत उतरू नये.

मग गावच्या जत्रेत पोल्दो तरण्याताठ्यांबरोबर नाचायला गेला आणि गुडघा घेऊन बसला. वैद्यानं सांगितलं, कावड बंद. घरात सगळ्यांनी दोमेंगकडे बघितलं. दोमेंगनं मागं वळून बघितलं, पण मागं भिंतच होती.

पहिल्या दिवशी तो कावड घेऊन निघाला आणि तोंडातून ब्र न काढता गल्लीत उभा राहिला. पण त्याचं नशीब बघा. अनोळखी खांद्यावर कावड दिसताच तेम्योंगचा कुत्रा बंताय भुंकला, त्याचं ऐकून पलीकडची दोन कुत्री भुंकली, आणि काय झालं म्हणून बाया बाहेर आल्या. “अगं, ताहो आलाय!” दोमेंगच्या जिवात जीव आला. रोज तेच. तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन नुसता उभा राहायचा, बाकीचं कुत्री बघायची. खूश होऊन त्यानं बंतायला थोडा थोडा ताहो घालायला सुरुवात केली.

इथंच तो चुकला. कुत्र्यांना माणसाची ओळख व्हायला किती वेळ लागतो? आणि तीही ताहो घालणाऱ्या माणसाची! बघता बघता बंताय शेपूट हलवत सामोरा यायला लागला. बाकीचीही आली. कुणी भुंकेना. दोमेंग भर गल्लीत तीन कुत्र्यांच्या घोळक्यात उभा, दारं बंद, आणि ताहो बादलीत थंड. घरी आल्यावर पोल्दोनं झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. “मी आजारी पडलो की गाव?” एवढंच तो म्हणाला.

त्याच सुमारास ते झालं. मायुमी तेव्हा नऊ वर्षांची. शेजारच्या कारिंगबरोबर ती जीपनीनं शाळेला जायची, आणि थांबवायचं काम कारिंगचं. एक दिवस कारिंग तापानं घरी राहिली. दुपारी मायुमीची यायची वेळ टळली. रोसिंग अनवाणी रस्त्यावर धावली, तेम्योंगनं बाक सोडला, दोमेंग शाळेपर्यंत पळत जाऊन आला. ऊन उतरायला लागल्यावर तळ्याकडच्या चढावरून पोरगी आली. हातात बूट, तोंड लालबुंद, पण रडत नव्हती. उलट तिच्या केसांत कुणाच्या तरी कुंपणावरची दोन फुलं होती.

“कुठं होतीस गं?” रोसिंगनं तिला छातीशी धरलं. “जीव गेला ना माझा!”

“तळ्याच्या धक्क्यावर. आपल्या इथं कुणी उतरलंच नाही. सगळे शेवटीच उतरले.”

“मग थांबवा म्हणायचं ना!”

मायुमीनं बापाकडे बघितलं. तिला खरंच प्रश्न पडला होता. “पण आपण कुठं म्हणतो? दुसरं कुणी उतरलं की आपण उतरायचं ना, पापा?”

दोमेंगला मरणाची लाज वाटली. पोरीला ती रीत वाटली होती. माणसं जीपनीतून अशीच उतरतात, असं ती त्याचा हात धरून शिकली होती.

संध्याकाळी तो सोयाबीन निवडत बसला. हात चालत होते, डोळे भरत होते. रोसिंग शेजारी बसली.

“मी लाजराच आहे गं,” तो म्हणाला. “जन्माचा.”

“लाजरा होतास म्हणूनच तुझ्याशी लग्न केलं मी. मला आवडलं होतं ते. लाजरा माणूस लाल होतो आणि जातो पुढं. तू चिखलातून जातोस, दोमेंग. ही लाज नाही. तुला भीती वाटते. निदान तिचं नाव तरी घे.”

दोमेंगनं मुठीतलं सोयाबीन सुपात टाकलं. मग म्हणाला, “भीती वाटते.” छप्पर काही कोसळलं नाही. रोसिंगनं एक खडा उचलून फेकला आणि निवडायला लागली.

पहाटे तो सासऱ्याच्या खुर्चीपाशी गेला. “ताताय, तुम्ही हाक कशी घालता?”

“तोंड उघडून.”

“ताताय...”

पोल्दोनं जावयाकडे नीट बघितलं आणि थट्टा आवरली. “हे बघ, पहिली हाक माणसांना घालू नको. वरच्या बागेत जा आणि नारळांना घाल. ते ताहो मागत नाहीत आणि नावंही ठेवत नाहीत.”

दोमेंग नारळांत गेला. पहिल्या खेपेला नुसती हवा आली, दुसऱ्या खेपेला खोकला. मग कुठून तरी हाक निघाली, आणि वरच्या झावळ्यांतून दोन पाखरं उडाली. त्याला हसू आलं. तो तशीच घालत बसला. ताहो गार होईल याची आठवण झाली तेव्हा खाली उतरला.

गल्लीच्या तोंडाशी बंताय आणि मंडळी शेपट्या हलवत हजर. दोमेंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि हाक घातली. सुरुवात पोल्दोसारखी झाली, मध्येच आवाज फाटला आणि शेवट मान मुरगळताना कोंबडा ओरडतो तसा झाला. बंताय दचकून मागं सरला आणि जिवाच्या आकांतानं भुंकायला लागला. बाकीचे दोघेही लागले. धडाधड दारं उघडली.

“कोण गेलं रे?” तेम्योंग बनियनवर धावत आला. समोर कावड बघून त्यानं आ वासला. “दोमेंग? हा तुझा आवाज? आणि इतकी वर्षं कुठं ठेवला होतास?”

पळावं, असं दोमेंगच्या पायांना वाटलं. पण खांद्यावर भरल्या बादल्या होत्या. “होता,” तो म्हणाला. “भीती वाटते म्हणून काढत नव्हतो.”

मग तेम्योंग म्हणाला, “आम्हाला घाबरतोस? वेड्या, घाबरायचं तर माझ्या बायकोला घाबर. मी घाबरतो, कुत्रा घाबरतो, तू काय वेगळा?” आतून बायकोचा आवाज आला, “पेला कुठं ठेवलास मेल्या?” आणि गल्ली खदखदून हसली. दोमेंगही हसला. पेले भरताना त्याच्या ध्यानात आलं की त्याच्या तोंडाकडे कुणीच बघत नाहीये. सगळ्यांचे डोळे पळीवर होते. आपल्याला पाक शेजारणीपेक्षा कमी तर पडत नाही ना!

त्या दिवशी बादल्या रिकाम्या आल्या. भीती गेली म्हणाल तर नाही. पुढे कैक सकाळी ती पहिल्या वळणावर उभी असायची. पण आता त्याला तिचं नाव ठाऊक होतं, आणि नारळांची बाग वाटेतच होती. तेम्योंगच्या “कुठं निघालास?” ला तो “विकायला, आणि कुठं?” म्हणायला लागला. तेम्योंगनं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बाकावर सरकून जागा करून दिली.

पण बापाची हाक मायुमीच्या कामाची नव्हती. ताहो विकणं निराळं आणि जीपनीत बसणं निराळं. कारिंग बरी झाली होती आणि पुन्हा तीच ओरडत होती.

रविवारी प्रार्थनेनंतर बापलेक बाजार करून जीपनीत बसले. मांडीवर अननस, पायाशी भाजी, जीपनी गच्च. दोमेंगनं तिच्या कानात सांगितलं, “आज मी थांबवणार.” मायुमीनं मान हलवली. पूल आला तसा दोमेंग सरसावून बसला. त्यानं खिडकीबाहेरच्या नारळांकडे बघून घेतलं. मग पोरीकडे बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या आणि ओठ हलत होते.

“थांबवाऽऽ!”

आवाज थेट आजोबांचा होता. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला, अननस निसटून थेट पुढच्या सीटखाली गेला, आणि सगळी जीपनी मायुमीकडे वळून बघायला लागली.

“इथं?” समोरची बाई म्हणाली. “इथं कुणाचं घर तरी आहे का गं?”

नव्हतंच. घर अजून बरंच पुढे होतं, दोन वळणं आणि एक चढ. मायुमी थिजली. तिनं बापाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरायला लागले.

दोमेंग उभा राहिला, तो छतावर डोकं आपटूनच. “इथंच,” तो सगळ्या जीपनीला ऐकू जाईल असं म्हणाला. “आम्हाला इथंच उतरायचंय. जरा तो अननस द्या बरं.”

अननस हातोहात मागं आला. जीपनी गेली. रस्त्यावर दोघंच उरली. आजवर जीपनीतून उतरून ती दोघं नेहमी मागं चालत आली होती. आज घर पुढे होतं.

थोडं चालल्यावर मायुमी म्हणाली, “पापा, लवकर झालं ना?”

“झालं थोडं.”

“पुढच्या वेळी जरा थांबून ओरडेन.”

“ओरड की,” दोमेंग म्हणाला. त्याचं डोकं अजून ठणकत होतं आणि तो हसत होता. “तुला वाटेल तेव्हा ओरड.”